फायबर तुटली, टनेल चालूच

[दृश्य : औसा. खोदलेला रस्ता, जेसीबीच्या दातात अडकून तुटलेली काळी फायबर.]

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक जोरात असते. अशा दिवशी औशातल्या या गोदामाची लाइन तुटली. तरीही वजनकाट्याच्या नोंदी वीसेक किलोमीटरवरच्या लातूरच्या आडत दुकानात पोचताहेत. मध्ये थोडा खंड पडला, एवढंच.

गोदामातल्या लिनक्स राउटरवर तीन इंटरफेस, म्हणजे नेटवर्कची दारं, दिसतात. ईटीएच झिरोला फायबर, यूएसबी झिरोला डोंगल. तिसरा डब्ल्यूजी झिरो. त्याला ना केबलचं पोर्ट, ना दिवा. तो वायरगार्डचा आभासी इंटरफेस. वायरगार्ड म्हणजे इंटरनेटवरून दोन ठिकाणांमध्ये कुलूपबंद वाट, म्हणजे टनेल, उभारणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर.

आभासी इंटरफेस खऱ्याला कायमचा बांधलेला असतो, असं पुष्कळांना वाटतं. फ्रीस्वान या जुन्या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये तसं होतंही. ‘आयपीसेक झिरो बरोबर ईटीएच झिरो’ अशी जोडी सेटिंगमध्येच लावली जायची. वायरगार्डच्या फाइलमध्ये अशी ओळच नसते.

[दृश्य : स्क्रीनवर ये-जा करणारी पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडंपच्या दोन खिडक्या, फायबर चालू असतानाच्या.]

डावीकडे डब्ल्यूजी झिरो. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या पोर्ट क्रमांकावर, सगळं उघडं वाचता येतं. उजवीकडे ईटीएच झिरो. तिथं नुसतं यूडीपी (पॅकेट धाडायची एक पद्धत), पोर्ट क्रमांक ५१८२०, आत काय ते कळत नाही. पॅकेट एकच, पण राउटिंग टेबलपुढे, म्हणजे कुठलं पॅकेट कोणत्या दारानं जायचं त्या यादीपुढे, ते दोनदा उभं राहतं. पहिल्यांदा उघडं, तेव्हा टेबल त्याला डब्ल्यूजी झिरोकडे धाडतं. तिथं लातूरच्या चावीनं कुलूप लागतं. मग बंद पाकिटावरचा लातूरचा सार्वजनिक पत्ता पाहून टेबल पुन्हा ठरवतं, आता बाहेर कुठून पडायचं.

म्हणून मार्ग डोंगलकडे वळला की टनेलही वळतं. पण तो वळवावा लागतो, आणि इथंच फसगत होते. फायबर रस्त्यात तुटली तरी भिंतीवरचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथं येऊन संपते तो डबा, चालूच असतो, ईटीएच झिरोचा दिवा हिरवाच राहतो. राउटरला वाटतं, सगळं ठीक आहे. त्यासाठी इथं एक छोटी स्क्रिप्ट बसवली आहे. ती सतत बाहेर पिंग करते, म्हणजे ‘आहेस का’ विचारते, उत्तर थांबलं की मार्ग बदलते.

लातूरला हे कोणी सांगत नाही. दर २५ सेकंदांनी औशाहून एक रिकामं पॅकेट जातं, निदान ते तरी पोचतंच. ते खऱ्या चावीचं निघालं की लातूर नवा पत्ता धरतो आणि उत्तरं तिकडे पाठवतो.

[दृश्य : संध्याकाळ. खड्ड्यात बसून लाइनमन फायबर जोडतोय. मग स्क्रीन.]

उजव्या खिडकीत पुन्हा ईटीएच झिरोची रांग सुरू झाली. डावीकडे पुढच्या ट्रॅक्टरचं वजन आलंय.