शेवटचं पुस्तक कुठल्या पानावर सोडलं?

नमस्कार! "मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिच्यासाठी एखादी चांगली नवी कादंबरी सुचवा ना," असं कुणी म्हणालं की मी उलट विचारते, तिनं शेवटचं पुस्तक कुठल्या पानावर सोडलं?

नुसत्या वयावरून फारसं काही कळत नाही. यंग अॅडल्ट, म्हणजे वायए, हा शिक्का साधारण 12 ते 18 वर्षांच्या वाचकांसाठी असतो. बाराव्या वर्षीचं जग आणि अठराव्या वर्षीचं जग यांत केवढं अंतर! सोडलेलं पान मात्र बरंच काही सांगतं. दहाव्या पानावरच सोडलं असेल, तर बहुतेक वेळा गच्च भरलेल्या पानांनीच दम काढलेला असतो. शंभर पानं वाचून सोडलं असेल, तर वाचायची ताकद आहे, गोष्ट कमी पडली. या दोघांच्या हातात एकच पुस्तक देऊन चालणार नाही.

आधी दहाव्या पानावर थांबणाऱ्यांसाठी. जेसन रेनॉल्ड्स यांची 'लाँग वे डाउन', 2017 सालची. हे पान बघा, जवळ धरते. थोड्याशा ओळी आणि बाकी सगळं कोरं. अख्खी कादंबरी कवितेत आहे. विल पंधरा वर्षांचा. त्याच्या मोठ्या भावाचा, शॉनचा, गोळी घालून खून झालाय. त्यांच्या वस्तीत तीन नियम आहेत: रडायचं नाही, कुणाचं नाव सांगायचं नाही, सूड घ्यायचा. भावाचं पिस्तूल कमरेला खोचून विल आठव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरतो. खाली जाताना लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, आणि दर वेळी असं कुणीतरी आत येतं, जे बंदुकीच्या गोळीनं कधीच मेलेलं आहे.

गोष्टीतला लिफ्टचा प्रवास जेमतेम मिनिटभराचा आणि पुस्तक तीनशे पानांचं! ती कोरी जागा मला फार बोलकी वाटते. लिफ्टमधली कोंडी, कुणी काही बोलत नाही ते क्षण, सगळं त्या कोऱ्या कागदात आहे. भाषा अगदी बोलण्यातली, त्यामुळे इंग्रजी कादंबरी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यालाही मी हेच देते. शेवटच्या पानावर फक्त दोन शब्द आहेत. ते आधी उघडून बघू नका, दुसऱ्याला दाखवूही नका.

हे आवडलं तर पुढे एलिझाबेथ अॅसेव्हेडो यांची 'द पोएट एक्स', 2018. हीही कवितेतच, पण सूर वेगळा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली झिओमारा, घरात कडक धार्मिक आई, आणि मनातलं सगळं ऐकून घेणारी एक वही. अॅसेव्हेडो स्वतः मंचावर कविता सादर करणाऱ्या कवयित्री, म्हणून यातली काही पानं मोठ्यानं वाचा. खरंच वाचा, फरक कळेल.

चित्रांतून गोष्ट जास्त भिडत असेल तर 'ब्राउनस्टोन'. लेखन सॅम्युएल टीर, चित्रं मार हुलिया. वायए पुस्तकांसाठीचा प्रिंट्झ पुरस्कार 2025 मध्ये या ग्राफिक कादंबरीला मिळाला. चौदा वर्षांची मुलगी आणि जन्मात कधी न भेटलेले ग्वाटेमालन वडील, उन्हाळाभर एक मोडकळीला आलेलं घर दुरुस्त करतात. दोघांची भाषाही एक नाही. जिथे शब्द अडतात तिथे चित्रं बोलतात, म्हणून हा प्रकार या गोष्टीला इतका शोभतो.

आता शंभर पानांवाले. तुमच्यासाठी सबा ताहिर यांची 'ऑल माय रेज', 2022. ही माझी सगळ्यांत लाडकी. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं छोटं गाव, तिथे आईवडिलांचं मोटेल सांभाळताना पिचून गेलेला सलाहुद्दीन, आणि लहानपणी पाकिस्तानातल्या भूकंपात घरचे गमावलेली नूर. जिवलग दोस्त, पण भांडण होऊन बोलणं बंद झालेलं. मधूनमधून सलाहुद्दीनची आई, मिसबाह, तिच्या लाहोरच्या दिवसांपासूनची गोष्ट सांगते. ताहिर स्वतः मोहावी वाळवंटातल्या आईवडिलांच्या मोटेलमध्ये वाढल्या, आणि ते पानापानावर जाणवतं. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: यात दारूचं व्यसन आहे, मारहाण आहे, मृत्यू आहे. कुणाला भेट देणार असाल तर आधी स्वतः वाचा, म्हणजे नंतर बोलायला तुम्ही असाल.

आणि शेवटची, अँजेलिन बूली यांची 'फायरकीपर्स डॉटर', 2021. अठरा वर्षांची डॉनिस, आई गोरी, वडील ओजिब्वे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीचे, आइस हॉकी आणि रसायनशास्त्र दोन्हींत ती तरबेज. तिच्या भागात अमली पदार्थांमुळे माणसं मरू लागतात आणि ती पोलिसी तपासात गुप्तपणे ओढली जाते. रहस्य पक्कं आहे, पण सुरुवात संथ. ओजिब्वे शब्द येत राहतात, नातेवाइकांची नावं डोक्यात बसत नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा ती नव्वदाव्या पानाच्या आसपास सोडली होती. काही महिन्यांनी परत उचलली आणि दोन रात्रींत संपवली. म्हणून आता कुणाला ही कादंबरी दिली की मी शंभराव्या पानात कागदाची खूण ठेवते आणि सांगते, इथपर्यंत माझ्या शब्दाखातर वाच, पुढचं तुझं तू ठरव.