गुडघाभर पाण्याचा तलाव

(दृश्य : पहाट. धुके, पाळ, एक डोंगा.)

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात हिवाळ्याच्या पहाटे तलावावर असे धुके उतरते, की डोंगा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. डोंग्यात उभा असलेला माणूस मासेमारी करणाऱ्या धिवर समाजाचा आहे आणि ज्या पाळीवरून आपण त्याला पाहतो आहोत, ती पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कोहळी शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी घातलेली आहे. येथून जवळच असलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. तलावाभोवतीच्या ‘सात बहिणी’ नावाच्या टेकड्यांपैकी एकीवर गावकऱ्यांनी त्यांना कोलासूर देव म्हणून बसवले आहे. तलाव बांधणारा माणूस देव झाला, याचे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, कोणालाही नवल वाटत नाही.

आमच्या गावचा तलाव एवढा मोठा नाही. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, काळातले असे हजारो तलाव असून सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. आम्हा पोरांना मात्र सबंध तलाव कधी ठाऊकच नव्हता. खोल पाणी डोंगेवाल्यांचे होते आणि आमच्या वाट्याला काठ आला होता. घोट्यापासून कमरेपर्यंतचे, गवताने आणि कमळांनी भरलेले पाणी, एवढाच आमचा तलाव.

(दृश्य : बांबूची काठी, हात, गरी.)

शहरात ज्याला गळ म्हणतात, त्याला आमच्याकडे गरी म्हणतात. बांबूच्या बेटातून अंगठ्याएवढ्या जाडीची, शेंड्याकडे लवणारी काठी तोडायची आणि ती घराच्या वळचणीला सुकवायची. तिला बाजारातून आणलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधायचा. ज्वारीच्या धांड्याची साल सोलली की आत जो पांढरा, हलका गाभा निघतो, त्याचा बोटभर तुकडा तंगुसात ओवला की तो पाण्यावर तरंगत राहतो. वजनासाठी टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा पत्रा कापून गुंडाळायचा. त्या काळी ट्यूब पत्र्याच्या असत आणि त्या संपण्याची वाट घरात आमच्याइतकी कोणीच पाहत नसे. न्हाणीच्या पाण्याची नाली जिथे मुरते, तिथल्या काळ्या मातीत गांडुळे सापडत. मूठभर ओल्या मातीसह ती पत्र्याच्या डब्यात भरली, की तयारी पूर्ण होई.

खरे शिक्षण त्यानंतर सुरू होत असे, कारण पाण्याखाली कोण आहे, हे केवळ धांड्याच्या हालचालीवरून ओळखायचे असे. धांडा नुसता थरथरला, तर बारीक मासे गांडुळाचे लचके तोडत आहेत असे समजावे आणि काठीला हात लावू नये. तो सावकाश, जड पावलाने बुडू लागला, तर मांगूर असण्याचा संभव असे, आणि तो वर काढल्यावर त्याच्या काट्यांपासून बोटे जपावी लागत. तिरपा होऊन झपाट्याने गवताकडे ओढला गेला, तर ती मरळ, आणि मग काठी उचलायला क्षणभरही उशीर चालत नसे. मिळालेले मासे कल्ल्यातून गवताच्या काडीत ओवून आम्ही पाळीवरून मुद्दाम लांबच्या वाटेने घरी जात असू.

(दृश्य : उथळ पाणी, तांबूस पिल्लांचा थवा.)

आता पडद्यावर दिसतो आहे, तो तांबूस ठिपका म्हणजे मरळीच्या शेकडो पिल्लांचा थवा आहे. मरळ उथळ पाण्यातल्या गवतात वीण करते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर-मादी त्यांच्या खाली पहारा देत फिरतात. पिल्लांजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ते धावून जातात, म्हणूनच त्या वेळी त्यांना पकडणे फार सोपे असते. आम्ही असा प्रयत्न केला, तेव्हा जाळे झटकत बसलेले एक आबाजी डोंग्यातूनच ओरडले होते, “पोट्टेहो, तिथं पिल्लं दिसून राहिले ना, तिथं गरी नका टाकू!”

त्या ओरडण्यामागे या तलावांचे सगळे शास्त्र होते. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते, त्यामुळे तलावात त्यांचे बीज पुन्हा पुन्हा विकत आणून सोडावे लागते. मरळ, मांगूर, शिंगी यांना असे कोणी आणून सोडत नाही. पावसाळ्यात पाणी वाढून काठचे गवत बुडाले, की ते आपले आपण वाढतात. त्यांना हव्या असतात त्या गवत, हायड्रिला, देवधान, कमळ अशा पाणवनस्पती, म्हणजे नेमका आमचा काठ.

(दृश्य : जुना तुडूम, दगडी बांधकाम.)

हा तुडूम आहे. तलावातून भाताच्या बांध्यांना पाणी सोडण्याची ही जुनी सोय असून तिच्यात वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात. पाऊस ओसरल्यावर धान गर्भात आले, की पाणी जसजसे खाली जाई, तसतसे खालचे भोक उघडले जात असे. पाणी एकदम उतरत नसल्यामुळे काठही हळूहळूच उघडा पडत असे आणि त्या ओल्या गाळात बगळे व पोरे सारख्याच एकाग्रतेने वाकलेली दिसत.

(दृश्य : बेशरमची झुडपे, जांभळट फुले.)

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, देखभाल हळूहळू मागे पडली, गाळ साचत गेला, अनेक तलावांच्या काठांवर अतिक्रमणे झाली आणि उरलेल्या जागेत बेशरम माजले. गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि आमच्या मते त्याच्या बुडाशी मासाही वीण करत नाही. जिथे धिवरांनी ते मुळासकट उपटून पाण्यातली देशी झाडे पुन्हा लावली आहेत, तिथला काठ हा असा दिसतो.

(दृश्य : तोच काठ, सकाळचे ऊन. कमळाची पाने, एक मुलगा.)

या मुलाची काठी बांबूचीच आहे, मात्र धांड्याच्या जागी चपलेच्या रबराचा तुकडा आहे. तो केव्हापासून थरथरतो आहे. मुलाने अजून काठीला हात लावलेला नाही.