परक्या गावचा बातमीदार

(दृश्य : रात्रीची न्यूजरूम. बरीचशी टेबलं रिकामी. एका स्क्रीनवर मजकूर आपोआप उमटतो आहे.)

जून २०२०. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन संकेतस्थळावर एक बातमी लागली. लिटल मिक्स या ब्रिटिश गायिकांच्या चमूतली जेड थर्लवॉल वंशभेदाच्या आपल्या अनुभवांबद्दल बोलली होती. बातमी तिची, पण फोटो तिची सहकारी ली-ॲन पिनॉक हिचा. दोघी मिश्र वंशाच्या. फोटो निवडला होता सॉफ्टवेअरने. हे पान सांभाळणाऱ्या पत्रकारांना थोडेच दिवस आधी कळवलं गेलं होतं, की तुमचं काम आता यंत्र करेल. जेडने स्वतःच संतापून जाहीर तक्रार केली.

ही चूक पकडायला विद्वत्ता लागत नव्हती. त्या दोघींना दोन माणसं म्हणून ओळखणारं कुणीतरी तिथे हवं होतं.

कौशल्याच्या जोरावर देश बदललेला इंजिनिअर, परिचारिका, हिशेबनीस किंवा मुळातला पत्रकारच जेव्हा विचारतो, "इथे पत्रकारितेत शिरू का? एआयने हा धंदा संपवला नाही का?", तेव्हा मला ही बातमी आठवते.

(दृश्य : हेडफोन लावलेली तरुणी. ऐकते, थांबवते, लिहून घेते.)

कडू आहे ते आधी सांगू. नव्या देशातल्या न्यूजरूममध्ये परका माणूस शिरायचा तो बहुतेक मागच्या दाराने. मुलाखतींचं शब्दांकन, व्हिडिओचे सबटायटल, आपल्या भाषेतून अनुवाद, वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर कापून लहान करणं. पैसे किरकोळ, बायलाइन (बातमीवर स्वतःचं नाव) नाही. पण आत बसायला खुर्ची मिळायची. शेजारचा उपसंपादक मथळा का बदलतो ते दिसायचं. चार चुका पोटात घातल्या जायच्या, आणि एखाद्या दिवशी कुणी रजेवर असलं की वही घेऊन बाहेर जायला मिळायचं.

ती पायरीच निघून चालली आहे. याची सुरुवात चॅटबॉट येण्याच्या बरीच आधीची. २०१४ साली असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या सॉफ्टवेअरकडे सोपवल्या. तिमाहीला सुमारे ३०० बातम्या निघायच्या, त्या ३,००० च्या वर गेल्या. ते काम माणसाकडे परत येणार नाही. "मला तीन भाषा येतात, अनुवाद करेन" एवढ्याच भांडवलावर आज कुणी अर्ज करणार असेल, तर मी त्याला थांबवेन.

मग भांडवल कोणतं?

(दृश्य : न्यूयॉर्कमधल्या जुन्या चाळींची कृष्णधवल छायाचित्रं. अंधाऱ्या खोल्या, दाटीवाटीने झोपलेली माणसं.)

जेकब रीस हा डेन्मार्कमधल्या रीबे गावचा सुतार. १८७० साली, एकविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला उतरला. काम मिळेना. बेघरांना रात्री पोलीस ठाण्याच्या तळघरांत झोपू देत, तिथे त्याने रात्री काढल्या. अशाच एका रात्री त्याच्यासोबतचं कुत्रं पोलिसाने मारलं. सात वर्षांनी हाच माणूस न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्राचा पोलीस बीटचा, म्हणजे पोलीस आणि गुन्ह्यांच्या बातम्या आणणारा, बातमीदार झाला.

त्या बीटवर इंग्रजी चांगलं असलेले बातमीदार पुष्कळ होते. गुन्ह्याची बातमी सगळेच आणायचे. रीस गुन्हा घडलेल्या खोलीकडे बघायचा: खिडकी आहे का, किती माणसं राहतात, भाडं किती. पुढे फ्लॅशची पावडर पेटवून त्याने त्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले आणि १८९० साली पुस्तक छापलं. तेव्हा पोलीस आयुक्त असलेले आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट त्याच्याबरोबर रात्री हिंडले, आणि १८९६ मध्ये पोलीस ठाण्यांतली ती झोपण्याची तळघरं बंद झाली. तिथे स्वतः झोपलेला माणूस हे लिहीत होता, म्हणून त्याला काय विचारायचं ते ठाऊक होतं.

रीसला देव्हाऱ्यात बसवायचं मात्र कारण नाही. इटालियन, ज्यू, चिनी लोकांबद्दल त्याने लिहिलेली कित्येक वाक्यं पूर्वग्रहाने भरलेली आहेत. स्वतः परका असला, म्हणून माणसाला दुसऱ्या परक्याची कळ आपोआप कळत नाही. ती शिकावी लागते.

ज्याच्या नावाने पत्रकारितेचा पुरस्कार दिला जातो, त्या जोसेफ पुलित्झरचं नाव सगळ्यांना माहीत असतं. १८६४ साली हंगेरीहून आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि त्याला इंग्रजी जेमतेम यायचं. त्याची पहिली बातमीदारी इंग्रजीतली नव्हेच. १८६८ मध्ये सेंट लुईसमधल्या वेस्टलिशे पोस्ट या जर्मन वृत्तपत्रात त्याने ती केली. स्थलांतरितांच्या भाषेतली वृत्तपत्रं, रेडिओ आणि वाहिन्या यांना आजही अनेक जण दुय्यम मानतात. मला ते मुळीच पटत नाही.

(दृश्य : जुना रेडिओ स्टुडिओ. मायक्रोफोनवरचा लाल दिवा लागतो.)

ऑस्ट्रेलियात १९७५ साली मेडिबँक ही सरकारी आरोग्य विमा योजना येणार होती, पण इंग्रजी न येणाऱ्या लाखो रहिवाशांना ती सांगायची कशी? त्यासाठी सिडनीत टू-ईए आणि मेलबर्नमध्ये थ्री-ईए ही दोन रेडिओ केंद्रं सुरू झाली, तीही प्रयोग म्हणून, थोड्या महिन्यांसाठी. त्यातूनच एसबीएस ही सार्वजनिक प्रसारण संस्था उभी राहिली. आज ती ६० हून अधिक भाषांत बोलते. मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसाचं काम तेव्हाही नुसत्या अनुवादाचं नव्हतं. ऐकणारा सरकारी फॉर्मवर नेमका कुठे अडखळेल, कशाला घाबरेल, हे त्याला माहीत असावं लागायचं.

इथेच एआय तोकडा पडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांची एक मोठी पाहणी आली. १८ देशांतल्या २२ प्रसारण संस्थांच्या पत्रकारांनी एआय साहाय्यकांना बातम्यांबद्दल प्रश्न विचारले आणि उत्तरं तपासली. ४५ टक्के उत्तरांत किमान एक तरी गंभीर दोष निघाला. इंटरनेटवर ज्या भाषांत लिखाण थोडं आहे, ज्या बोली व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्येच जगतात, तिथे यंत्राची वाट आणखी अवघड. दंगलीचा म्हणून पसरलेला एखादा व्हिडिओ समोर येतो. मागून ओरडणाऱ्याची बोली कुठल्या जिल्ह्यातली, दुकानाची पाटी कुठल्या लिपीतली, गणवेश पोलिसांचा की खासगी रखवालदाराचा, हे त्या मुलखात वाढलेल्या माणसाला क्षणात कळतं. पडताळणीच्या डेस्कला असा माणूस हवा असतो.

आणि जुना पेशा टाकून येऊ नका. वृद्धाश्रमात रात्रपाळी केलेल्या परिचारिकेला औषधांच्या नोंदवहीत खाडाखोड कुठे होते ते माहीत असतं. हिशेबनीस ताळेबंदाच्या तळटीपा आधी वाचतो. बांधकाम इंजिनिअरला भेग बघून प्रश्न सुचतात. पत्रकारितेच्या पदवीने हे मिळत नाही. बातमी लिहायची कशी, ते मात्र वर्षभरात शिकता येतं.

(दृश्य : न्यायालयाची इमारत. पायऱ्यांवर बसून वही चाळणारा बातमीदार.)

शिकावं लागतंच, कारण देश बदलला की कायदा बदलतो. अमेरिकेत १९६४ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन' या बदनामीच्या खटल्यापासून सार्वजनिक अधिकाऱ्याला बदनामी सिद्ध करायची, तर पत्रकाराने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं छापलं हे दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये उलट: छापलेलं खरं होतं हे पत्रकारालाच सिद्ध करावं लागतं. एका देशातली सवय दुसऱ्या देशात नोकरी घालवू शकते. इंग्लंड-वेल्सच्या न्यायालयांत परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करणं हा न्यायालयाचा अवमान ठरतो. म्हणून तिथले बरेच शिकाऊ बातमीदार अजून मिनिटाला १०० शब्दांचं लघुलेखन शिकतात. शब्दांकनाचं कुठलंही ॲप न्यायालयातल्या त्या बाकावर चालत नाही. मला हे फार आश्वासक वाटतं.

व्हिसाचं गणित आश्वासक नाही. ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसासाठी साधारण वार्षिक पगाराची किमान मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. गावपातळीच्या वृत्तपत्रातल्या नवख्या बातमीदाराचा पगार त्याच्या जवळपासही नसतो. तेव्हा बहुतेकांसाठी वाट एकच: आधीच्या पेशावर व्हिसा टिकवायचा, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बातम्या करायच्या, आणि कायम राहण्याचा हक्क मिळाला की उडी मारायची. मात्र आपल्या व्हिसावर बाहेरचं काम चालतं का, हे आधी वाचून घ्यायचं. यात कित्येक वर्षं जातात. घरच्यांना हे आधीच सांगावं.

धोकाही सांगावा. इराण इंटरनॅशनल ही फार्सी वाहिनी धमक्यांमुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडन सोडून काही महिने वॉशिंग्टनहून चालली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिच्या एका निवेदकाला लंडनमध्ये घराबाहेर भोसकलं गेलं. तो वाचला. सरहद्द ओलांडली म्हणून मायदेशाचा हात पोचत नाही असं नाही, आणि मागे राहिलेले नातेवाईक तर त्या हाताच्या टप्प्यातच असतात.

सावध राहण्यासारखी आणखी एक गोष्ट. न्यूजरूम आपल्याला फक्त आपल्या समाजाच्या सणांच्या आणि भांडणांच्या बातम्या देऊ लागते. पहिल्या वर्षी त्या जरूर घ्याव्यात. तिसऱ्या वर्षी महापालिकेचं अंदाजपत्रक मागून घ्यावं.

(दृश्य : छोटी खोली. एक मजूर आणि समोर बातमीदार. दोघांच्या मध्ये टेबलावर फोन.)

ज्याचे कागदपत्र धड नाहीत, असा माणूस मुलाखतीला बसतो. मालकाने पगार बुडवला आहे. त्याचा आवाज एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवला, की शब्दांकन दोन मिनिटांत तयार. पण तो आवाज पुढे कुठे साठतो, कुणाच्या हाती लागतो, यावर बातमीदाराचा ताबा राहत नाही.

म्हणून बातमीदार फोन बंद करतो, पिशवीत टाकतो. वही काढतो. समोरच्याच्या बोलीत विचारतो, "नाव नको. पहिला पगार कधी थकला, तिथून सांगा."

समोरचा माणूस दाराकडे एकदा बघतो, खुर्ची थोडी पुढे ओढतो.