रेंजला तालुका नसतो

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘इंटरनेटवर निर्बंध हवेत का?’ असा छापलाय. हो किंवा नाही म्हणण्याआधी ‘नेट बंद’ म्हणजे नेमकं काय बंद होतं ते बघू.

राज्यात हा आदेश गृह सचिवांचा असतो. तो मोबाइल कंपन्यांच्या नोडल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे असे आदेश घ्यायला नेमलेल्या माणसांकडे जातो. टॉवरला साधारण तीन सेक्टर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांचे भाग असतात, प्रत्येक 120 अंशांचा, आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. आदेशातल्या हद्दीत बसणाऱ्या क्रमांकांची यादी काढून त्यांच्यावरचा डेटा अडवतात. 4जीचा कॉलही डेटाच्याच वाटेने जातो. म्हणून आवाजाची वाट मोकळी सोडून इंटरनेटची तेवढी बुजवावी लागते. इथे चूक झाली तर रुग्णवाहिकेला फोनही लागायचा नाही.

आता यादी तालुक्याची, पण रेंजला तालुका नसतो. निपाणीच्या पुढे, कर्नाटकाच्या टोकाला कोगनोळीला उभे राहा. फोन महाराष्ट्रातल्या कागलकडचा टॉवर धरू शकतो. डेटा रोमिंग चालू असलं की इकडचा आदेश तुमच्या खिशात पोचतच नाही. उलटही होतं: आपल्या हद्दीतल्या टॉवरचा सेक्टर पलीकडे तोंड करून असेल, तर आदेशाशी संबंध नसलेल्या गावाचं नेट जातं. 1 नोव्हेंबरला आपल्याकडे बेळगाव भागात एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी सीमावासीयांचा काळा दिन. अशा दिवशी जुना व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरवणाऱ्याला दोन-चार किलोमीटर सरकणं जड नाही. जड जातं ते ‘हा व्हिडिओ जुना आहे’ असं सांगू पाहणाऱ्याला, कारण तो घरीच असतो.

आणि हा बंद सगळ्यांना सारखा लागत नाही. बहुतेक वेळा मोबाइल डेटा जातो, तारेने येणारं फायबरचं नेट चालू राहतं. कचेरीतला संगणक चालतो. गाड्यावरचा पैसे आल्याचं बोलून दाखवणारा डबा मात्र मुका होतो, कारण त्याच्या पोटात सिम असतं. बऱ्याच स्वाइप मशिनांचं तेच. रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र सिमवर असेल तर तांदूळ समोर असून मोजता येत नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी जरा सविस्तर. कास्टिंगचा ट्रक कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जाणार आणि माल 50,000 रुपयांच्या वर, म्हणजे ई-वे बिल, माल नेताना ऑनलाइन काढायचा कागद, आलंच. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात मालाची माहिती, दुसऱ्यात गाडीचा नंबर. पहिला भाग आधी भरून ठेवला तर दुसरा भरायला 15 दिवस मिळतात. मुदतीचं घड्याळ गाडीचा नंबर पडल्यावर सुरू होतं, 200 किलोमीटरपर्यंत एक दिवस. तेव्हा वातावरण तापलेलं दिसलं की पहिला भाग भरून टाका. गोची होते ती वाटेत. गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत घातला, की नवा नंबर चढवावाच लागतो. ड्रायव्हरचं नेट बंद असलं तरी कॉल चालू असतो. फायबर असलेल्या ऑफिसात फोन करून तिथून नंबर चढवून घ्या, नाहीतर तपासणीत गाडी अडकते.

‘मग बँका, दवाखाने सोडून बाकीचं बंद करा’ असं कोणीतरी म्हणतंच. काश्मीरमध्ये ते करून झालंय. ऑगस्ट 2019 मध्ये नेट गेलं, जानेवारी 2020 मध्ये 301 संकेतस्थळांची यादी देऊन थोडं उघडलं, 4जी परतायला फेब्रुवारी 2021 उजाडला. अशी यादी का फसते? बँकेचं पान एका सर्व्हरवरून येत नाही. लॉगिन एकीकडून, चित्रं दुसरीकडून, सुरक्षेची तपासणी तिसरीकडून. यादीत एकच नाव असेल तर दार उघडतं आणि आत अंधार.

सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 ला याच काश्मीरच्या बंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं, की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावा लागेल. त्यानंतर नियमात एका आदेशाला कमाल 15 दिवसांची मर्यादा आली. आदेशाची प्रत मागताना त्यात कारण, हद्द आणि मुदत आहे का ते बघा. ‘संपूर्ण जिल्हा’ असं लिहिलं असेल, तर शहरातल्या एका चौकातल्या दगडफेकीसाठी दूर खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचं नेट का जावं, हे विचारायलाच हवं.

तसं कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात आदेशाची वाट बघावी लागत नाही. झाड पडून हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइन गेली की टॉवर 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर काही तास तग धरतो, मग जनरेटर, तोही डिझेल असेल तर. घरी फायबर असेल तर 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची बॅटरी राउटरला जोडा. निम्मीच वापरायची म्हटली तरी 10 वॉटच्या राउटरला चार तास पुरते. मात्र राउटर 12 व्होल्टचाच आहे ना, ते आधी त्याच्या अडॅप्टरवर वाचा.

पैसे पाठवायला फोनवरून लावायचा *99# हा क्रमांक आहे. त्याला डेटा लागत नाही. एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत जातात. पण यूपीआयचा पिन आधी घालून ठेवावा लागतो, त्याला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे लागतात. फक्त 4जीवर चालणाऱ्या कंपनीच्या सिमवर ते चालेलच असं नाही, तेव्हा शांत दिवशी एक रुपया पाठवून बघा.

सरकारकडे मागणी एकच करावी असं मला वाटतं. बंदीच्या प्रत्येक आदेशात एक ओळ सक्तीची हवी: या काळात रेशन रजिस्टरवर सही घेऊन मिळेल, आणि त्या दिवसांत संपलेल्या ऑनलाइन मुदती तेवढ्याच दिवसांनी पुढे जातील.