वाट आधी, रणगाडा मागून

(चिपळूणच्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. हलक्या रणगाड्यांवर बोलायचं ठरलं, तेव्हा सुरुवात आपल्या किनाऱ्यावरच्याच माणसापासून करायची हे मनात पक्कं होतं. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे. एप्रिल 1948, काश्मीरचं युद्ध चालू होतं. जम्मू भागात नौशेराहून राजौरीकडे आपले हलके स्टुअर्ट रणगाडे निघाले होते, पण त्यांच्यापुढे रस्ताच शिल्लक नव्हता. शत्रूनं सुरुंग पेरलेले, पाइनची झाडं तोडून आडवी टाकलेली. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे वाटा फोडणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या लष्करी इंजिनिअरांच्या तुकडीचे, सेकंड लेफ्टनंट राणे पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. वरून गोळीबार चालू असल्यामुळे ते रणगाड्याच्या पोटाखाली, चाकांभोवती फिरणाऱ्या दोन पोलादी पट्ट्यांच्या मधल्या जागेत शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. 'थांब' आणि 'चल' अशी खूण चालकाला करायला हातात दोऱ्या. ती वाट मोकळी झाली आणि रणगाडे राजौरीला पोचले. राण्यांना परमवीर चक्र मिळालं.

रणगाडा म्हटलं की सगळे तोफेची विचारपूस करतात. मी मात्र आधी वजन विचारतो आणि मग त्या वाटेवरच्या पुलाची ताकद. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की अवघड मुलखात रणगाडा कसा असावा, हे कारखाना ठरवत नाही, वाट ठरवते.

टी-90 हा आपला मुख्य रणगाडा साधारण 46 टनांचा. राजस्थानच्या वाळवंटात किंवा पंजाबच्या मैदानात तो उत्तमच. पण मऊ जमिनीत एकूण वजनाइतकंच महत्त्व ते किती जागेवर पसरलंय याला असतं. चिखलणीच्या वेळी माणसाचा पाय गुडघाभर रुततो, पण तोच माणूस फळीवर उभा राहिला तर फळी वरच्या वर सरकते, हे इथे कुणाला सांगायला नको. रणगाड्याचे रुंद पट्टे हेच काम करतात. पण पट्टे किती रुंद करणार? घाटातल्या वळणाला आणि पुलाला मर्यादा आहे. शेवटी वजनच उतरवावं लागतं.

याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याकडेच घडला. 1948 च्या हिवाळ्याच्या तोंडावर झोजी ला खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि लेहची वाट बंद पडली होती. जनरल थिमय्यांनी ठरवलं, खिंडीत रणगाडे न्यायचे. खिंडीची उंची साडेअकरा हजार फूट, आणि बालतालपासून वर खेचरांची पाऊलवाट. मद्रास सॅपर्सनी ती वाट फोडून रुंद केली. 7 लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूकडून काश्मीरात आणताना त्यांचे टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारे वरचे भाग, उतरवले होते. एक तर कच्च्या पुलांवर भार कमी, आणि दुसरं म्हणजे लांबून पाहणाऱ्याला हे रणगाडे आहेत असा संशय येत नाही. 1 नोव्हेंबरला, बर्फ पडत असताना, लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' ते घेऊन खिंडीत घुसले. समोरच्याला तिथे रणगाडा येईल हे स्वप्नातही नव्हतं. स्टुअर्टची तोफ जेमतेम 37 मिलिमीटर तोंडाची, पण त्या दिवशी तिथे पोचलेला रणगाडा तेवढाच होता.

1962 मध्ये एएमएक्स-13 हे हलके फ्रेंच रणगाडे विमानानं लडाखमधल्या चुशूलला उतरवले. 1971 मध्ये बांगलादेशात, नद्यांच्या मुलखात, पीटी-76 वापरले. 14 टनांचा, पाण्यात पोहणारा रणगाडा. गरीबपूरला धुक्यात 45 कॅव्हलरीच्या अशाच 14 रणगाड्यांनी पाकिस्तानच्या चॅफी या अमेरिकन बनावटीच्या हलक्या रणगाड्यांचा हल्ला मोडला, आणि त्यांचे मेजर दलजित सिंग नारग तिथेच पडले. या गाड्याचं चिलखत कुठेच 20 मिलिमीटरच्या वर नव्हतं. हलकेपणाची किंमत आत बसलेला माणूस मोजतो, हे विसरून या विषयावर बोलणं मला बरोबर वाटत नाही.

पुढे मात्र आपण हा धागा सोडून दिला. जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली, आणि पूर्व लडाखमध्ये आपल्याला टी-72 आणि टी-90 हे जड रणगाडे चढवावे लागले. समोर चीनचा हलका टाइप-15, खास अशाच उंचीसाठी बनवलेला. साडेचार हजार मीटरवर हवा इतकी विरळ की इंजिनाला पुरेसा श्वास मिळत नाही. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बोचार्जर थोडी भरपाई करतो, पण जड गाड्याला चढावर ती पुरत नाही. जून 2024 मध्ये श्योक नदीला अचानक पाणी वाढून एक टी-72 वाहून गेला आणि पाच जवान गेले. हलका गाडा असता तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पहाडी नदीच्या लोंढ्यापुढे कोणाचं काय चालतं, हे वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्यांना माहीत आहे.

त्यानंतर आठवडाभरातच, जुलै 2024 मध्ये, गुजरातमधल्या हजिऱ्याला 'जोरावर' लोकांसमोर आला. डीआरडीओ आणि एल अँड टी यांचा 25 टनांचा रणगाडा. नाव जनरल जोरावर सिंगांचं. 1841 मध्ये तिबेटच्या थंडीत लढताना मारले गेलेले डोगरा सेनानी. तोफ 105 मिलिमीटरची, बेल्जियमच्या जॉन कॉकरिल कंपनीची. तोफ डागल्यावर बसणारा धक्का हलक्या गाड्याला सोसवणं, हीच अशा रचनेतली खरी कारागिरी. डिसेंबरपर्यंत त्यानं 4,200 मीटरच्या वर गोळे डागून दाखवले, आणि हवाई दलानं त्याची विमानानं ने-आण करता येते हेही दाखवलं. ही गोष्ट मला तोफेइतकीच मोलाची वाटते.

वजनाचा मोह सुटला की काय होतं, ते अमेरिकेनं पाहिलं. पायदळाच्या मदतीला हलका गाडा म्हणून सुरू झालेला एम-10 बुकर वाढत वाढत 38 टनांवर गेला. जिथे तो ठेवायचा, त्या एका तळावरच्या बहुतेक पुलांना तो पेलणार नाही असं निघालं. 2025 मध्ये त्यांनी तो कार्यक्रमच थांबवला. आपल्याकडेही दर वर्षी कुणीतरी म्हणेल, जरा चिलखत वाढवा. ड्रोन वरून, टरेटच्या पातळ छतावर येतो, त्यामुळे ही मागणी चुकीचीही नाही. पण मला वाटतं, उत्तर पोलादात शोधू नये. येणारा मारा आधी ओळखून हवेतच अडवणारी यंत्रणा, आणि रणगाड्याबरोबर स्वतःचे टेहळणी ड्रोन, इकडे पैसा जावा.

आणखी एक खंत बोलून दाखवतो. जोरावरचं इंजिन अमेरिकन कमिन्सचं. आधी जर्मन घ्यायचं होतं, त्याला उशीर झाला म्हणून हे आलं. लष्कराला असे साडेतीनशेच्या आसपास रणगाडे हवे आहेत. इंजिन आपलं होईपर्यंत त्यांचं वेळापत्रक परक्याच्या हातात राहणार. लष्कराच्या चाचण्यांमध्ये नेमबाजीपेक्षा मला एकच पाहायचं आहे. उणे तीस अंशांत रात्रभर उभा राहिलेला गाडा पहाटे पहिल्या झटक्यात सुरू होतो का, आणि नाही झाला तर तिथला मेकॅनिक हातमोजे न काढता तो दुरुस्त करू शकतो का.

आता तुमचे प्रश्न घेऊ. समोर माजी सैनिक बसलेत, त्यांनी आधी बोलावं.