भाव कळला, पुढं काय?

नमस्कार, श्रोतेहो.

तारीख १४ जानेवारी १९९७, वार मंगळवार. आपल्याकडे संक्रांत होती, तिळगुळाची देवाणघेवाण चालली होती. त्याच सकाळी उत्तर केरळात, वडकरा नावाच्या गावाच्या किनाऱ्यावर अकरा होड्या तारली घेऊन उभ्या होत्या. तारलीला तिकडे मत्ती म्हणतात. बाजार उलगत आला होता आणि घेणारा एकही नव्हता. भाव शून्य. मासळी काही उद्यासाठी ठेवता येत नाही, बर्फ परवडत नाही. त्या अकरा जणांना माल टाकून द्यावा लागला. आणि गंमत बघा, तिथून पंधरा किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या किनाऱ्यांवर त्याच वेळी सत्तावीस व्यापारी मासळी मिळाली नाही म्हणून रिकाम्या हातानं परत निघाले होते. किलोला दहा रुपयांच्या आसपास मोजायची त्यांची तयारी होती.

ही हकीगत आज आपल्याला ठाऊक आहे, कारण रॉबर्ट जेन्सन नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं ती नोंदवून ठेवली. कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांतले पंधरा किनारे, तीनशे होड्या आणि दर आठवड्याची पाहणी. १९९६ च्या सप्टेंबरपासून २००१ च्या मेपर्यंत, जवळजवळ पाच वर्षं. कुठं किती मासळी उतरली, कितीला गेली, किती फेकली. मला या चिकाटीचंच आधी कौतुक वाटतं. आपल्याकडे एका हंगामाची आकडेवारी मिळवायची तर चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

त्या काळी होडीवाल्याची अडचण साधी होती. तो समुद्रात असताना किनाऱ्यावर काय चाललंय हे त्याला समजायचा मार्ग नव्हता. बाजार पहाटे सुरू होणार आणि आठच्या सुमारास संपणार. एका किनाऱ्यावर भाव पडलेला दिसला म्हणून दुसरीकडे जावं, तर डिझेल जळणार, वेळ जाणार आणि पोहोचेपर्यंत तिथलीही माणसं पांगलेली असणार. मग काय, ज्यानं त्यानं आपल्याच गावच्या किनाऱ्याला लागायचं. रोजच्या मासळीतला पाच ते आठ टक्के माल असा वाया जायचा. शेजारशेजारच्या किनाऱ्यांवर एकाच सकाळी भावात जमीनअस्मानाचं अंतर असायचं.

मग मोबाइल आला. केरळातला पहिला मोबाइल कॉल १९९६ च्या सप्टेंबरात कोचीमधून झाला आणि तो केला होता मल्याळम कादंबरीकार तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी. मच्छीमारांच्या जगण्यावर लिहिणाऱ्या माणसाच्या हातून ही सुरुवात व्हावी, हा योगायोग मला फार आवडतो. त्या वेळी फोनवर बोलणं हे श्रीमंती काम होतं, आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. पण मनोरे किनारपट्टीच्या शहरांजवळ उभे राहिले आणि त्यांची रेंज समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटर आत जायला लागली. तारलीच्या होड्या साधारण तेवढ्याच टापूत हिंडतात.

फोन तिन्ही जिल्ह्यांत एकदम आला नाही. आधी कोळिकोड, १९९७ मध्ये. मग १९९८ मध्ये कण्णूर. कासरगोडला २००० साल उजाडलं. संशोधकाच्या दृष्टीनं ही लॉटरीच. समुद्र तोच, मासळी तीच, फरक फक्त फोन असण्या-नसण्याचा. फोन आला त्या त्या भागात काही आठवड्यांत चित्र पालटलं. आधी जवळपास सगळे आपापल्या किनाऱ्यावरच विकत होते. आता तीस-चाळीस टक्के होड्या भाव विचारून दुसरीकडे लागू लागल्या. भावातली तफावत आटली. मासळी फेकणं जवळजवळ थांबलं. होडीवाल्याचा नफा सरासरी आठ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला तीच मासळी चार टक्के स्वस्त पडली. विकणाराही खूश आणि घेणाराही! अर्थशास्त्रात असा प्रसंग क्वचितच येतो.

२००७ साली हा शोधनिबंध ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. विकासावरच्या अहवालांत तो आला, व्यवस्थापनाच्या वर्गांत आला, फोन कंपन्यांच्या तोंडी तर तो पाठच झाला. सरकारनं काही दिलं नाही, अनुदान नाही, योजना नाही. माणसांनी स्वतःच्या पैशानं फोन घेतले आणि गरिबी हटू लागली. कुणाला आवडणार नाही अशी गोष्ट?

मलाही आवडली. मी वाणिज्य शाखेला शिकवायचो. दर वर्षी हा निबंध फळ्यावर मांडायचो आणि वर्ग मन लावून ऐकायचा. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. घरी कांदा पिकवणारा, लासलगावच्या बाजूचा. म्हणाला, “सर, त्या होडीवाल्यानं उचल कुणाची घेतली होती?”

श्रोत्यांपैकी ज्यांचा मार्केट यार्डाशी संबंध आहे त्यांना हा प्रश्न लगेच कळला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. उचल म्हणजे माल यायच्या आधी व्यापाऱ्याकडून घेतलेले पैसे. बियाण्याला, औषधाला, दवाखान्याला, लग्नाला. ती घेतली की माल कुठल्या गाळ्यावर जाणार हे ठरून जातं. मग भाव शेजारच्या गाळ्यावर जास्त असो, नाहीतर शेजारच्या तालुक्यात.

माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. पुढं मिळालं. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या दोन संशोधक पुन्हा केरळच्या किनाऱ्यावर गेल्या आणि माणसांशी बोलत बसल्या. त्यांचा अभ्यास २०१३ साली आला. त्यांना आढळलं ते असं, की जेन्सननं पाहिलेल्या उत्तरेकडच्या होड्या हा एक खास प्रकार होता. मोठी जाळी, होडीवर डझनावारी माणसं, एका फेरीत पुष्कळ माल, आणि किनारा बदलायची मोकळीक. सगळा केरळ असा नाही. कितीतरी ठिकाणी होडी आणि जाळं ज्याच्या पैशानं आलं, त्याच्याकडेच लिलाव करावा लागतो. तिथंही मच्छीमारांकडे फोन होते आणि ते भरपूर वापरले जात होते. पण कशासाठी? समुद्रात सोबत्यांना हाक द्यायला, इंजिन बंद पडलं तर मदत मागायला, घरी निरोप सांगायला. भाव विचारून किनारा बदलायला मात्र नाही.

दक्षिण केरळात या बांधिलकीशी झुंज फोन यायच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरच्या गावांनी सत्तरच्या दशकात सहकारी संस्था काढल्या. संस्था लिलाव करणार, संस्थाच कर्ज देणार आणि विक्रीतून थोडी बचत बाजूला काढणार. १९८० साली त्यांचा महासंघ उभा राहिला. दलालाचं देणं फेडल्याशिवाय लिलावाचा हक्क हातात येत नाही, हे त्या माणसांनी ओळखलं होतं. या संस्थांवर जगभर गाजलेला शोधनिबंध मात्र मला आठवत नाही. वहीत कर्ज लिहिणारा कारकून हे काही चमकदार तंत्रज्ञान नव्हे.

आता आपल्या घरच्या प्रयोगाकडे येऊ, कारण ही गोष्ट महाराष्ट्रातही तपासली गेली. २००७ च्या सुमारास रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं इथं शेतकऱ्यांसाठी एसएमएस सेवा सुरू केली. वर्गणी भरा, भाव, हवामान आणि पिकाचा सल्ला मोबाइलवर मिळवा. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातली शंभर गावं निवडली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना वर्षभराची सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही आणि मग तुलना केली. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन अशी पिकं होती. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावात नोंद घ्यावी असा फरक सापडला नाही. पावसानं होणारं नुकसानही कमी झालं नाही.

हा निबंध किती वर्गांत शिकवला जातो? फार थोड्या, अशी माझी शंका आहे. शून्य परिणामाची गोष्ट सांगायला कुणाला उत्साह नसतो. पण तारली आणि टोमॅटो शेजारी ठेवून बघा. होडी पाण्यावर तरंगतेच आहे, सुकाणू फिरवलं की दुसरा किनारा. टोमॅटोच्या क्रेट दुसऱ्या बाजारात न्यायच्या तर टेम्पोचं भाडं पहिलं, मग हमाली आणि तोलाई, आणि तिथला आडत्या ओळखीचा नाही. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, कधी मिळेल, चेक वटेल का, याची धाकधूक वेगळी. शिवाय आपला शेतकरी एसएमएसची वाट बघत बसलेला नव्हताच. काल माल घेऊन गेलेल्या भावकीतल्या कुणाला तरी फोन लावला की त्याला भाव कळत होता.

उलट बाजूचंही एक उदाहरण सांगतो. २००० साली मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीनं ई-चौपाल सुरू केले. गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, त्यावर सोयाबीनचे भाव. अपराजिता गोयल यांच्या अभ्यासात असं दिसलं, की ते चौपाल आल्यावर आसपासच्या मंडयांतला सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढला. टक्केवारी लहान आहे, पण वाढला. माझ्या मते तिथं संगणकापेक्षा एक गोष्ट मोठी होती. संगणकावर भाव सांगणारी कंपनी स्वतःच माल घ्यायला, वजन करायला आणि पैसे द्यायला उभी होती. मंडीतल्या व्यापाऱ्याला समोर दुसरं गिऱ्हाईक दिसलं आणि त्यानं बोली थोडी चढवली.

केरळच्या तारलीचं पुढं काय झालं, हेही सांगायला हवं. २०१२ साली केरळात जवळपास चार लाख टन तारली किनाऱ्याला उतरली. २०२१ साली उतरली ३,२९७ टन. टन म्हणतोय मी, हजार टन नव्हे. समुद्राचं तापमान, प्रवाह, जादा मासेमारी अशी कारणं शास्त्रज्ञ मांडतात. होडीतले फोन आता कितीतरी चांगले आहेत आणि कॉल जवळजवळ फुकट.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता स्वतः शेती बघतो. मध्यंतरी बसस्टँडवर भेटला. त्याच्या मोबाइलवर भाव दाखवणारी तीन ॲप आहेत, शिवाय बाजार समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप. लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, सगळे भाव त्यानं मला उभ्या उभ्या दाखवले. त्या आठवड्यात पिंपळगावला भाव बरा होता. मी विचारलं, “मग तिकडेच नेलास ना माल?”

“नाही हो सर,” तो म्हणाला, “नेहमीच्याच गाळ्यावर टाकला. बहिणीच्या लग्नाला त्यांनीच पैसे दिले होते.”

एवढ्यात त्याची एसटी लागली.

नमस्कार.