मार्दिनला समुद्र नाही

(दृश्य : कादीकॉयच्या बाजाराची गल्ली, संध्याकाळ. गोल ताटात रचलेले काळे शिंपले, कडेला लिंबाच्या फोडी.)

निवेदन :

इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावर, कादीकॉयच्या बाजारात दिवे लागले की ही ताटं बाहेर येतात. कोकणात आणि गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्याच कुळातले हे काळे शिंपले. आत मसालेभात भरलेला. नाव मिदये दोल्मा.

खायची रीत बघा. विक्रेता शिंपल्याची वरची वाटी मोडतो, त्याच वाटीनं आतला भात सुटा करतो, वर लिंबू पिळतो आणि हातावर ठेवतो. आपण तो तोंडात टाकून टरफल खाली ठेवतो, तोवर पुढचा समोर आलेला असतो. अगदी आपल्या पाणीपुरीवाल्यासारखं. ‘तमाम’, म्हणजे ‘पुरे’, म्हणेपर्यंत त्याचा हात थांबत नाही. मग रिकामी टरफलं मोजायची आणि पैसे द्यायचे.

भातात खूप परतलेला कांदा असतो. काळी मिरी, थोडी दालचिनी, बारीक काळे मनुके, चिलगोजे. पहिल्या घासाला गोडसर लागतं, मग मिरीचा झटका येतो, आणि शेवटी लिंबासोबत समुद्राचा खारटपणा. हा क्रम बिघडत नाही, म्हणून हात पुन्हा पुन्हा पुढे जातो.

तुर्कीत अनोळखी माणसाशी गप्पा सुरू होतात त्या एका प्रश्नानं : गाव कुठलं? मी तो प्रश्न शिंपलेवाल्यांना विचारत गेले. आणि उत्तर पुन्हा पुन्हा तेच येत राहिलं. मार्दिन.

(दृश्य : मार्दिन. डोंगरउतारावरची मधाच्या रंगाची दगडी घरं, खाली सपाट मैदान.)

हे मार्दिन. आग्नेय तुर्कीतलं, सीरियाच्या सीमेजवळचं डोंगरावरचं शहर. समोर मेसोपोटेमियाचं मैदान पसरलंय. गहू आहे, द्राक्षं आहेत, मेंढ्या आहेत. समुद्र नाही. इस्तंबूल इथून हजार किलोमीटरहून दूर आहे. मग शिंपले यांच्या हाती आले कसे?

त्यासाठी इस्तंबूलच्या तार्लाबाशी नावाच्या वस्तीत जावं लागतं. तक्सिम चौकातून चालत काही मिनिटांवर. अरुंद गल्ल्या, खिडक्या बाहेर काढलेली उंच जुनी घरं, दोन घरांमध्ये बांधलेल्या दोरीवर वाळणारे कपडे. ही घरं एकेकाळी ग्रीक आणि आर्मेनियन कुटुंबांची होती. १९४२चा बिगरमुस्लिमांवर जबर लादलेला संपत्ती कर, सप्टेंबर १९५५ची ग्रीकांविरुद्धची दंगल, १९६४मधली ग्रीक नागरिकांची हकालपट्टी, अशा एकामागून एक घावांनी ती माणसं गेली आणि घरं ओस पडली. पुढे १९९०च्या दशकात आग्नेय तुर्कीत सैन्य आणि कुर्द बंडखोर यांच्या लढाईत खेडीच्या खेडी रिकामी केली गेली. तिथून निघालेली कितीतरी कुर्द कुटुंबं याच पडक्या, स्वस्त घरांत येऊन राहिली.

आणि मिदये दोल्मा हा मुळात इस्तंबूलच्या आर्मेनियन आणि ग्रीक स्वयंपाकघरांत रुजलेला पदार्थ. ज्यांची ती घरं, त्यांच्याच ताटातला. समुद्र न पाहिलेली माणसं त्या घरांत आली आणि तोच पदार्थ शिजवून पोट भरू लागली. कुणी ठरवून केलं नाही हे. शिंपले किनाऱ्यावर मिळत होते, तांदूळ परवडत होता, आणि शहराला चव आधीपासून ठाऊक होती.

काम किती वेळखाऊ आहे, ते ताटाकडे पाहून कळत नाही. प्रत्येक शिंपला खरवडून धुवायचा. सुरीनं उघडायचा, पण सांधा तुटू द्यायचा नाही. अर्धवट शिजलेला भात भरून पुन्हा मिटायचा, पातेल्यात दाटीनं रचायचा, वाफवायचा. घरातल्या बायका, मुलं, सगळे मिळून हे करतात. रस्त्यावर ताट घेऊन उभा राहतो तो बहुतेक वेळा पुरुष, पण त्या ताटामागचे हात आपल्याला दिसत नाहीत. मला वाटतं, चवीचं कौतुक करायचं असेल तर आधी त्या हातांचं करावं.

एक काळजी मात्र घ्या. शिंपला समुद्राचं पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातली घाणही त्याच्यात साठते. जिथे ताट भराभर रिकामं होतंय तिथेच खा, आणि भर दुपारच्या उन्हात ठेवलेल्या ताटाला हात लावू नका.

(दृश्य : एमिनोन्यू धक्का. गलाता पुलावर गळ टाकून उभे असलेले लोक. धूर.)

गावाचा प्रश्न एकदा मनात बसला की तो प्रत्येक गाडीपाशी आठवतो. इथे एमिनोन्यूच्या धक्क्यावर ‘बालिक एकमेक’, म्हणजे मासा-पाव, मिळतं. भाजलेला बांगडा, कांदा, सॅलडची पानं, लिंबू, आणि हे सगळं जाड पावात. बांगड्यांचे थवे एकेकाळी काळ्या समुद्रातून बॉस्फरसमार्गे मार्मारा समुद्रात ये-जा करायचे. ते आटले. आज या पावातला बांगडा बहुतेकदा नॉर्वेहून गोठवून आलेला असतो. पुलावर गळ टाकून बसलेल्यांच्या बादलीत लहान मासे दिसतात, खालच्या तव्यावर मात्र उत्तरेकडचा पाहुणा. तरीही खाच. सोबत शेजारच्या गाडीवरचं लोणच्याचं पाणी घ्या, तुर्शू सुयू. आंबट, खारट, बीटानं लाल झालेलं. माशाचं तेल त्यानं लगेच कापलं जातं.

सिमित मात्र याच शहराचं. तीळ लावलेलं पावाचं कडं. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी इस्तंबूलच्या सिमितवाल्यांची नोंद करून गेलाय. पिठाच्या दोन वळ्यांना पीळ द्यायचा, द्राक्षांच्या काकवीत, म्हणजे पेकमेझच्या पाण्यात बुडवायचं, तिळात लोळवायचं आणि भट्टीत टाकायचं. तांबूस रंग येतो तो त्या काकवीमुळे. सकाळी भट्टीतून आल्या आल्या खा. दुपारनंतर ते चिवट होतं. मग ते बोटीवरच्या सीगल पक्ष्यांच्या वाट्याला जातं, आणि तेही आनंदानं झेलतात.

(दृश्य : हिवाळ्याची रात्र. वेफा मोहल्ला. जुन्या दुकानाचं लाकडी दार.)

थंडीत आलात तर वेफाला या. बाजरीच्या कुळातल्या भरड धान्यापासून आंबवून केलेलं दाट पेय, बोझा. चमच्यानं खावं इतकं दाट. गोड आणि किंचित आंबट. वर दालचिनी, आणि समोरच्या दुकानातून कागदात बांधून आणलेले गरम फुटाणे. हे फुटाणे आपणच विकत आणून पेल्यात टाकायचे. १८७६पासून चालू असलेलं हे दुकान हाजी सादिक यांनी काढलं. ते अल्बेनियन घरातले, बाल्कनमधल्या प्रिझ्रेनहून इथे आलेले. १९३७ साली अतातुर्कनी ज्या पेल्यातून बोझा घेतला, तो पेला आजही काचेआड ठेवलाय. राष्ट्राचा नेता आणि रात्रपाळीचा हमाल, दोघं एकाच पेयावर. मला त्या पेल्यापेक्षा दाराशी फुटाण्याची पुडी घेऊन उभी राहणारी गर्दी जास्त आवडली.

शाकाहारी प्रेक्षकांसाठी इथेच सांगते. चीय कोफ्ते चुकवू नका. आग्नेय तुर्कीतल्या उर्फा शहराकडचा हा पदार्थ पूर्वी कच्च्या मांसाचा असे. कच्चं मांस घालून तो विकायला बंदी आली आणि दुकानांत बिनमांसाचा रूढ झाला. बारीक दलिया, टोमॅटो-मिरचीचा लगदा आणि उर्फाची काळसर इसोत मिरची हातानं मळत राहायची, गोळा मऊ होईपर्यंत. मग लवाशच्या पोळीत, वर डाळिंबाचा आंबट अर्क. तिखटाची सवय असलेल्या आपल्या जिभेला हा लगेच आपलासा वाटतो.

(दृश्य : इझमिर, सकाळ. बेकरीच्या काचेआड गोल, पदर सुटलेल्या पावांची रास.)

एजियन समुद्रावरच्या इझमिरमध्ये न्याहारीला बोयोझ. १४९२ साली स्पेननं आपल्या ज्यू प्रजेला देशाबाहेर काढलं. उस्मानी सुलतान बायझिद दुसरा यानं त्यांना आपल्या राज्यात थारा दिला. त्यांच्यासोबत हा पाव आला. तेलाचा हात लावून पीठ इतकं पातळ ताणायचं की पदरापदरानं सुटावं. सोबत भट्टीत तपकिरी केलेलं अंडं, मीठ-मिरी आणि कमरेशी बारीक झालेल्या काचेच्या पेल्यातला चहा. ज्यू वस्ती आता अगदी लहान उरलीय, पण सगळं इझमिर रोज सकाळी तो पाव खातं.

इझमिरमध्ये रस्त्यावर कुठेही रांग दिसली तर थांबा. एक गाडी उभी असते, मोठी कढई, यंत्रातून तेलात पडणारी आंबवलेल्या पिठाची कडी, शेजारी साखरेच्या पाकाचं भांडं. ही लोक्मा. गाडीवर दराची पाटी नसते, कारण ती विकायला नसतेच. कुणाच्या तरी घरी माणूस गेलेलं असतं. चाळिसाव्या दिवशी किंवा वर्षानंतर घरचे लोक गाडी बोलावतात आणि गेलेल्याच्या नावानं वाटेवरच्या प्रत्येकाला गोड खाऊ घालतात. गाडीवर कागद लावलेला असतो, त्यावर त्याचं नाव.

रांगेत कॉलेजची पोरं असतात, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी, बसचा ड्रायव्हर, पाठीवर सॅक लावलेला परदेशी. गाव कुठलं, हे इथे कुणीच कुणाला विचारत नाही. कागदी वाटी हातात येते. घरातलं कुणी तिथे उभं असेल तर त्यांच्याकडे बघून ‘अल्लाह काबूल एत्सिन’ म्हणायचं, देव मान्य करो. आणि वाटी घेऊन लांब जायचं नाही. तिथेच कडेला उभं राहून खायचं. वरचं कुरकुरीत कवच पाकात मऊ पडायला वेळ लागत नाही.